पावसाळ्याआधी इमारतीच्या बोर्डावर लावायची सूचना: नक्की काय लिहायचं?

खिडकीतला_बोका (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, यंदा कमिटीत बाकीची कामं आधीच वाटली गेली म्हणून सुरक्षेच्या सूचनांचं खातं माझ्या गळ्यात पडलंय. म्हणजे दर ऋतूला ग्रुपवर एक मेसेज आणि लिफ्टशेजारच्या बोर्डावर एक कागद. जुनी फाइल उघडली तर वर्षानुवर्षं तोच कागद, फक्त वरची तारीख बदललेली. "सर्वांनी योग्य ती काळजी घ्यावी" हे तर दोन-दोनदा. योग्य ती म्हणजे कुठली हे कोणी कधी विचारलेलं दिसत नाही.

पावसाळ्याचा कागद जसाच्या तसा देतोय, फाडा हवा तेवढा:

"जोराचा पाऊस सुरू होताच बेसमेंटमधील वाहने त्वरित वर काढावीत. साचलेल्या पाण्यातून जपून चालावे. विजा चमकत असताना झाडाखाली उभे राहू नये. शॉर्टसर्किटपासून सावध राहावे. अनोळखी व्यक्ती आढळल्यास फोटो काढून ग्रुपवर टाकावा. अफवांवर विश्वास ठेवू नये."

एका पानात बसवायचंय, दुसरं पान आलं की कोणी वाचत नाही.

पाऊलवाट

बाकीचं सावकाश बघू पण ते पहिलं वाक्य आजच्या आज काढा, गंमत करत नाहीये. दक्षिण कोरियात पोहांग नावाचं शहर आहे, तिथे सप्टेंबर २०२२ मध्ये हिन्नामनोर वादळाच्या पावसात एका इमारतीत पहाटे हीच सूचना स्पीकरवरून दिली गेली, की बेसमेंटमधल्या गाड्या काढून घ्या. लोक झोपेतून उठून खाली गेले, तेवढ्यात जवळच्या ओढ्याने काठ सोडला आणि पाणी रॅम्पवरून आत. ७ जण गेले. दोघं वाचली ती छताजवळ उरलेल्या हवेत पाइपला धरून तासन् तास थांबली म्हणून. सूचना देणाऱ्याला गाड्या वाचवायच्या होत्या, दुसरं काही मनात नव्हतं.

तुमच्या कागदात "पाऊस सुरू होताच" लिहिलंय, म्हणजे वेळच चुकीची निवडलीये. गाडी हलवायची तर हवामानखात्याचा इशारा आला की आदल्या दिवशी, कोरड्यात हलवा. रॅम्पवरून पाणी उतरायला लागल्यावर गाडी गेली असं समजायचं आणि जिन्याने वर यायचं.

खडूस_काका

बोलायला सोपं आहे हो, हप्ते आम्ही भरतोय. आमच्याकडे बेसमेंटमध्ये पाणी घोट्याच्या वर कधी गेलेलं नाही, मी दर वेळेला जाऊन काढतो, पाच मिनिटांचं काम. आणि कोरियातला तो ओढा आमच्या दारात नाहीये.

पाऊलवाट

काका, ओढा लागतच नाही. दिल्लीत २७ जुलै २०२४ ला कोचिंग क्लासच्या बेसमेंटमधल्या लायब्ररीत ३ विद्यार्थी बुडाले, तिथे कुठली नदी आली होती? रस्त्यावर तुंबलेलं पाणी होतं फक्त. रस्त्यावर ते घोटाभर दिसतं कारण ते लांब-रुंद पसरलेलं असतं, त्याला अरुंद रॅम्प सापडला की तेच सगळं पाणी एका जागी, तेही उतारावरून वेगाने येतं. त्यामुळे आजवर घोट्यापर्यंतच आलं ह्या अनुभवाचा काही उपयोग नाही, रस्त्यावरचं पाणी रॅम्पचा उंचवटा ओलांडत नव्हतं तोवर ते खरं होतं.

चष्मिष

ह्यात थोडं गणित घालतो, राहवत नाही. साधारण ९० सेंमी रुंदीचं दार आहे आणि बाहेर ६० सेंमी पाणी आहे, आत कोरडं आहे असं धरा. त्या दारावर पाण्याचा एकूण जोर जवळजवळ १६० किलो वजनाइतका येतो. बाहेरच्या बाजूला उघडणारं दार असेल तर ते माणसाने ढकलून उघडणं विसरा. पाणी दुप्पट झालं की जोर चौपट. गाडीच्या दाराचंही तेच, म्हणून पाण्यात अडकलेल्या गाडीचं दार उघडत बसायचंच नाही, पट्टा सोडा, काच खाली करा, आधी मुलं बाहेर मग आपण. काच लगेच, इलेक्ट्रिक खिडक्या सुरुवातीला चालतात नंतर भरवसा नाही. काच फोडायचा छोटा हातोडा ठेवत असाल तर मधोमध मारू नका, कोपऱ्यात मारा, आणि आधी बघून ठेवा की तुमच्या बाजूच्या काचा लॅमिनेटेड (मधे प्लास्टिकचा पापुद्रा असलेल्या) तर नाहीत, त्या ह्या हातोड्याने फुटत नाहीत.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा बंद गाड्यांमध्ये गुदमरून लोक गेले होते. गाडीत बसलोय म्हणजे सुरक्षित आहोत असं वाटणं हाच त्यातला घात.

उनाडपाखरू

"पाण्यातून जपून चालावे" ह्याचं काय करायचं? जपून म्हणजे कसं? माझ्या मते आकडे द्यावेत. वाहत्या पाण्याचे सर्वसाधारण आकडे असे सांगतात की १५ सेंमी खोल पण वेगाने वाहणारं पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलतं, ३० सेंमीत लहान गाडी तरंगायला लागते आणि ६० सेंमीत बहुतेक गाड्या वाहून जातात, मोठ्या एसयूव्ही धरून. बोर्डावर आकड्यांपेक्षा "घोट्याच्या वर वाहतं पाणी दिसलं की मागे फिरा" एवढं पुरे.

आणि उघडी झाकणं! पाणी लवकर उतरावं म्हणून कोणीतरी मॅनहोलचं झाकण काढतं, खूण ठेवत नाही, वरून गढूळ पाणी. ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत एक नामवंत डॉक्टर असेच गेले, घर जवळ आलं होतं म्हणून गाडीतून उतरून चालत निघाले होते. इमारतीच्या आवारातली झाकणं कोणीही परस्पर उघडायची नाहीत हे वाक्य कागदावर पाहिजेच. चालायचीच वेळ आली तर हातात लांब छत्री किंवा काठी धरा, पुढे टेकून बघायचं मग पाऊल. पाण्याचा भोवरा दिसतोय तिथून लांब.

तारतंत्री

विजेची कामं करतो म्हणून "शॉर्टसर्किटपासून सावध" वाचून हसायला आलं, सावध म्हणजे काय त्याच्याकडे डोळे वटारून बघायचं का?

नीट सांगतो, जरा लांब होईल. घराघरांत बोर्डावर एमसीबी असतात आणि लोकांना वाटतं त्या आपल्याला वाचवतात. एमसीबी वायरला वाचवते, तुम्हाला नाही. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे जायला लागल्यावर पडणार, आणि माणसाचा हात आवळून सुटेनासा व्हायला १० मिलीअँपिअरच्या आसपास करंट पुरतो. म्हणजे तुम्ही चिकटलेले असताना एमसीबीला पत्ताही नसतो. माणसासाठी असते ती आरसीसीबी, ३० मिलीअँपिअरची. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून परत येतोय का हे ती सतत ताडून बघते, मधेच कुठे गळती झाली, म्हणजे तुमच्या अंगातून जमिनीत जायला लागला, की क्षणाच्या आत सप्लाय तोडते. तिच्यावर टेस्टचं छोटं बटण असतं. ते दाबून बघा, खटका पडला पाहिजे. पडला नाही तर ती शोभेची आहे, बदला. बऱ्याच घरांत बसवल्यापासून ते बटण कोणी दाबलेलं नसतं.

तिची मर्यादा पण लिहून ठेवा, एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरलं आणि गळती जमिनीत झाली नाही तर तिला काही कळत नाही. आणि रस्त्यावरच्या खांबाशी तिचा संबंध नाही. पावसात खांबाला, फीडर बॉक्सला, लोखंडी कुंपणाला, दुकानाच्या चमकणाऱ्या पाटीला हात लावायचा नाही, टेकायचं नाही, छत्रीची दांडी अडकवायची नाही.

मीटररूम बेसमेंटमध्ये असेल तर पाणी असताना मेन बंद करायला हिरोगिरी करत खाली उतरू नका. वीज कंपनीला फोन करून बाहेरून सप्लाय बंद करून घ्या.

सरळमार्गी

तारतंत्री, भारी प्रतिसाद. एक विचारतो, रस्त्यात वायर तुटून पडली असेल तर किती लांबून जायचं? आणि कोणी चिकटलेलं दिसलं तर?

तारतंत्री

वायर पडलेली दिसली की ती मेलेली आहे असं कधीच धरू नका, निदान १० मीटर लांब राहा आणि दुसऱ्यांना अडवा. हाय टेन्शनची असेल तर जमिनीतच करंट पसरलेला असतो, वायरच्या जवळ व्होल्टेज जास्त, लांब जाल तसं कमी. दोन पावलांत अंतर जितकं मोठं तितका त्या दोन जागांमधला फरक मोठा आणि तो तुमच्या पायांमधून जाणार. म्हणून तिथून निघताना ढांगा टाकायच्या नाहीत, धावायचं तर नाहीच, पाय जुळवून, जमिनीवरून न उचलता सरकत सरकत लांब जायचं. गाडीवर वायर पडली तर आतच बसून राहा आणि फोन करा. आग लागली तरच उतरायचं, तेही एक पाय जमिनीवर आणि एक गाडीवर असं कधीच नाही, दोन्ही पाय जुळवून बाहेर उडी.

घरात कोणी चिकटलं तर हात लावू नका, मेन पाडा. मेन सापडत नसेल तर कोरडं लाकूड, प्लास्टिकची खुर्ची असं काहीतरी घेऊन ढकला, तुमच्या पायाखाली कोरडं पाहिजे. घराबाहेरच्या मोठ्या लाइनला हा उपाय करू नका, तिथे लाकूड वाचवत नाही.

अवखळ_वारा

विजांचं वाक्य बरोबर आहे फक्त त्यात भर घाला की गाडीत बसावं, टायर रबराचे असतात त्यामुळे वीज जमिनीत जात नाही.

चष्मिष

गाडीत बसावं हे बरोबर, कारण साफ चूक. जी वीज काही किलोमीटर हवा फोडून खाली आली तिला चार बोटं रबर काय अडवणार? स्कूटरलाही रबराचेच टायर असतात की. गाडीचं पत्र्याचं छत आणि अंग करंट बाहेरच्या बाहेर जमिनीकडे नेतं म्हणून आतला माणूस वाचतो, तोही धातूला हात न लावता बसला तर. कापडी छताच्या गाडीत किंवा उघड्या रिक्षात हा फायदा नाही.

बोर्डासाठी ३०-३० लक्षात ठेवायला सोपं आहे. चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ, म्हणजे वीज १० किमीच्या आत, पक्क्या इमारतीत शिरा. शेवटचा गडगडाट झाल्यावर ३० मिनिटं बाहेर पडू नका. खेळायला गेलेली मुलं पाऊस थांबला की लगेच मैदानात पळतात, हा दुसरा भाग लोकांना माहीतच नसतो. आणि वीज पडलेल्या माणसाला हात लावला तर शॉक बसतो ही अफवा आहे, अंगात काही साठून राहत नाही, श्वास आणि नाडी थांबली असेल तर ताबडतोब सीपीआर द्यायचा.

जुनी_जाणती

सगळे पाण्या-विजेवर बोलताय, माझं लक्ष शेवटच्या दोन वाक्यांकडे गेलं. अनोळखी माणसाचा फोटो ग्रुपवर टाका आणि लगेच खाली अफवांवर विश्वास ठेवू नका! अहो तो फोटो हीच अफवेची सुरुवात. धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे १ जुलै २०१८ ला काय झालं ते आठवत असेल, मुलं पळवणारी टोळी आली म्हणून मेसेज फिरत होते आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या ५ जणांना जमावाने ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी ५ चॅटपर्यंतच फॉरवर्डची मर्यादा जाहीर केली होती.

कुरिअरवाला, मीटर वाचायला आलेला, कोणाकडे कामाला आलेली नवीन बाई, सगळे पहिल्या दिवशी अनोळखीच असतात.

खडूस_काका

मग चोर आला तर ओवाळायचं का? आमच्या ग्रुपवर फोटो टाकल्यामुळे एकदा एकजण सापडलाय.

जुनी_जाणती

सापडू दे की, पण पोलिसांना फोन करून. ११२ भारतात चालतो आणि युरोपातही. फोनवर जागा सांगा, काय दिसलं ते सांगा. ग्रुपवर टाकायचंच असेल तर घटना टाका, माणूस नको. "आज दुपारी अमुक विंगच्या जिन्यातून सायकल गेली, कुलपं तपासा, तक्रार दिली आहे." ह्यात तारीख आहे, जागा आहे, पुढे काय करायचं ते आहे. "सावधान, आपल्या भागात टोळी फिरतेय" ह्यात काहीच नाही, तो मेसेज चार वर्षांपूर्वीचा आणि दुसऱ्या देशातला असला तरी कळणार नाही. माझा साधा नियम आहे, तारीख आणि जागा नसलेला मेसेज पुढे पाठवायचा नाही, मग तो कोणी का पाठवलेला असेना, अगदी नणंदेने सुद्धा.

मध्यरात्र

सरकारी अलर्ट मोबाइलवर कर्कश वाजतो ना, तो येईलच की. त्यावर अवलंबून राहिलं तर ह्या बोर्डाची गरज काय?

पाऊलवाट

तो अलर्ट चांगलाच आहे, सेल ब्रॉडकास्ट असतो, टॉवरच्या हद्दीतल्या चालू फोनवर एकदम जातो, इंटरनेट लागत नाही, नंबरही लागत नाही. तो सेटिंगमध्ये जाऊन बंद करणाऱ्यांनी कृपया परत चालू करा. पण स्पेनमध्ये वॅलेन्सियाला २९ ऑक्टोबर २०२४ ला हवामानखात्याने रेड अलर्ट सकाळीच दिला होता आणि लोकांच्या मोबाइलवरचा भोंगा वाजला रात्री आठ वाजून गेल्यावर, तोपर्यंत कित्येक गावांत पाणी शिरलं होतं. २०० च्या वर माणसं गेली, त्यातले बरेच गाडीत किंवा गाडी काढायला गॅरेजमध्ये उतरलेले. म्हणून म्हणतोय, सकाळचा इशारा बघायची जबाबदारी एका माणसाला द्या, आणि त्याने ग्रुपवर एकच ओळ टाकायची.

खिडकीतला_बोका

भरपूर मिळालं, सगळ्यांचे आभार. बाकी ऋतूंसाठी पण हात धुवून घेतो, थंडी आणि उन्हाळ्यात कुठली एकेक गोष्ट टाकू? एकेकच हं.

उनाडपाखरू

थंडीसाठी कार्बन मोनॉक्साइड, डोळे मिटून. बंद बाथरूममधला गॅस गीझर, खिडक्या लावून खोलीत पेटवलेली कोळशाची शेगडी, लाइट गेले म्हणून घरात लावलेला जनरेटर. ह्या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, सुस्ती येते आणि माणूस म्हणतो जरा पडतो. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात थंडीने वीज गेली तेव्हा लोकांनी घरात ग्रिल पेटवली, गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेतली आणि विषबाधेच्या केसेसची रांग लागली. ओळखायची खूण अशी की घरातल्या सगळ्यांना एकदम बरं वाटेनासं होतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं. धुराचा अलार्म हा वायू ओळखत नाही, त्याचा डिटेक्टर वेगळा मिळतो.

जुनी_जाणती

उन्हाळ्यासाठी: एकटं राहणाऱ्या वयस्कर माणसाचं दार दिवसातून एकदा वाजवा. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत ७०० च्या वर लोक गेले, त्यात एकटी राहणारी म्हातारी माणसं फार, काहीजण तर चोरांच्या भीतीने खिडक्या घट्ट लावून बसलेले. पंखा आहे ना म्हणून निर्धास्त राहू नका, जागतिक आरोग्य संघटना सांगते की ४० अंशांच्या वर पंखा अंग थंड करत नाही, उलट तापवतो. माणूस असंबद्ध बोलायला लागला आणि अंग भाजतंय तर तो उष्माघात, आधी थंड पाण्याने अंग ओलं करून वारा घाला, अँब्युलन्स बोलवा, शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

सरळमार्गी

बारमाही एक माझं. इलेक्ट्रिक स्कूटरची किंवा सायकलची बॅटरी रात्री मुख्य दाराजवळच्या पॅसेजमध्ये चार्जिंगला लावतात, प्लग तिथे असतो म्हणून. लिथियम बॅटरी बिघडून पेटली तर स्वतःच स्वतःला तापवत जाते आणि घराबाहेर पडायचा एकच रस्ता तिथे असतो. न्यूयॉर्कमध्ये २०२३ ह्या एका वर्षात अशा आगींमध्ये १८ लोक गेले. बाहेर पडायच्या वाटेवर चार्जिंग नाही, आणि झोपेत चार्जिंग नाही.

खिडकीतला_बोका

बेसमेंटचा मजकूर असा केलाय, बघा:

"अतिवृष्टीचा इशारा आला की आदल्या संध्याकाळी ८ पर्यंत गाड्या वर लावा, आवारातली जागा त्या रात्रीपुरती सर्वांना खुली. पाऊस सुरू झाल्यावर बेसमेंटचं दार बंद, गाडीसाठी, सायकलसाठी, कशासाठीही खाली उतरायचं नाही. वॉचमनलाही खाली पाठवायचं नाही."

पाऊलवाट

+१. वॉचमनचं घातलंत ते फार बरं केलं, नाहीतर साहेब वर आणि "जा रे बघून ये" म्हणून तो खाली.

खडूस_काका

आवारात जागा खुली करणार असाल तर मला चालेल. इशारा नुसता निघाला आणि पाऊस आलाच नाही तर बडबड करणार मात्र.

चष्मिष

लिफ्टचं कोणीच लिहिलं नाही? आमच्याकडची बेसमेंटपर्यंत जाते.

तारतंत्री

हो राहिलंच. लिफ्टचा खड्डा सगळ्यात खाली, पाणी पहिलं तिथे भरतं. कोणी चुकून खालचं बटण दाबलं किंवा खालच्या कोणी बोलावली तर डबा सरळ पाण्यात उतरणार. म्हणून पाणी आवारात दिसलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन, आत कोणी नाही बघून, बंद करायची. नंतर खड्डा कोरडा दिसला तरी सर्व्हिसवाल्याने तपासल्याशिवाय चालू करायची नाही. आणि मशीनरूमची चावी कोणाकडे असते ते फ्लॅट नंबरसकट कागदावर लिहा.

खिडकीतला_बोका

लिहितो. चावी नक्की कोणाकडे आहे ते आधी विचारून येतो, दोन जण एकमेकांचं नाव सांगतायत.